खंडेनवमीला लागलेला शोध

२४ सप्टेंबर, बुधवार

आजपासून लिहायचं. थोर शास्त्रज्ञ गेल्यावर त्यांच्या वह्या सापडतात आणि लोक त्यांतून अर्थ काढत बसतात. माझ्या मागे नुसती विजेची बिलं सापडली तर लोकांची गैरसोय होईल.

तर पुढे वाचणाऱ्यांसाठी: मी प्रा. डॉ. सोपान गराडे, गाव इंदुरी, वय चोपन्न, कार्ल्याच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या अभियांत्रिकी कॉलेजात भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख. विभाग म्हणजे मला धरून तीन माणसं. दुसरी रुपाली ओव्हाळ, माझ्या हाताखाली पीएचडी करते, टाकवे बुद्रुकहून येते. एवढ्या लांबून येऊन शिकते हे कौतुकच आहे आणि तसं मी तिला अधूनमधून सांगतो. ती ‘हो सर’ म्हणते. तिसऱ्या भागुबाई, लॅबच्या मदतनीस. त्या माझ्या आठ वर्षं आधी नोकरीला लागल्या आणि ते दिवसातून एकदा तरी ऐकवतात.

आमच्याकडे काचेचा एक धागा आहे, केसाहून थोडा जाड. त्याच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक भोकं आहेत, मधाच्या पोळ्यासारखी रांगेत. याला प्रकाशीय स्फटिक म्हणतात. एका टोकातून पांढरा उजेड सोडला की कुठला रंग पलीकडे पोचू द्यायचा हे त्या भोकांची मांडणी ठरवते. आता या भोकांत द्रवस्फटिक भरायचा, टीव्हीच्या पडद्यात असतो तसला, धड पाणी नाही आणि धड खडाही नाही. मग बाहेरून व्होल्टेज द्यायचं, म्हणजे आतले रेणू कवायतीतल्या पोरांसारखे वळतील आणि पलीकडचा रंग बदलेल. थोडक्यात, बटण पिळून उजेडाचा सूर लावायचा. कल्पना माझी. जगात आणखी काही जणांना सुचली आहे, पण मावळात माझीच.

द्रव भरायचं काम रुपालीने केलं. धाग्याचं टोक थेंबात बुडवून धरायचं, द्रव आपोआप वर चढतो. तीन तास धरावं लागतं. मी खुर्चीवरून देखरेख केली.

अडचण एकच. दोन वर्षं झाली, बटण पिळून पिळून माझा अंगठा दुखायला लागला, पण पलीकडे हिरवा तो हिरवाच. डिसेंबरात पुण्याहून कमिटी येणार. रंग बदलला नाही तर प्रोजेक्ट बंद आणि आमची लॅब हॉटेल मॅनेजमेंटला स्वयंपाकघर म्हणून जाणार. रुपालीचा प्रबंधही याच धाग्यावर आहे. तिच्या नोंदणीची मुदत ३१ डिसेंबरला संपते. त्याआधी माझी सही होऊन प्रबंध गेला नाही तर चार वर्षं पाण्यात. आणि जानेवारीत संचालकांची खुर्ची रिकामी होते आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

२९ सप्टेंबर, सोमवार

हिरवा.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

रंग बदलला!

सकाळी लॅबमध्ये गेलो तर भागुबाईंनी पूजा मांडलेली. धागा ज्या ॲल्युमिनियमच्या पाटावर चिकटवला आहे त्यावरच निरांजन, बाजूच्या व्होल्टेजच्या डब्याला हळदकुंकू, वर झेंडूची माळ. म्हणाल्या, “सर, आज नवमी हाय. हत्याराला इसावा द्यायचा. समदी बटनं मी सकाळीच बंद केल्यात. आज कशालाच हात लावायचा न्हाई.”

मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे. मी हात लावला. दिवा होताच (उजेडाचा छोटा दिवा बॅटरीवर चालतो), सहज डोळा लावून बटण शून्यावरून शंभरावर नेलं आणि बघतो तर हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी, आणि शेवटी चक्क लाल! मी ओरडलोच. भागुबाईंनी यंत्र कोपलं समजून कापूर लावला.

रुपाली धावत आली. तिने पाहिलं, पाटाला बोट लावलं, मग भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं. म्हणाली, “सर, मेन खटका बंद आहे.”

मी म्हणालो, “रुपाली, आजच्या दिवशी खटक्याचं काय घेऊन बसलीस?”

तिने वही उघडून काहीतरी लिहिलं. पोरगी हुशार आहे, पण तिला मोठा क्षण ओळखता येत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मला रडू आलं, हेही लिहून ठेवतो. फोनचं निमित्त करून बाहेर गेलो आणि पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज पुन्हा करून पाहिलं. हिरवा.

रुपाली म्हणाली, “सर, उष्णतेने होत असेल. निरांजन पाटावरच होतं. हा द्रव पस्तीस अंशांच्या वर गेला की पाण्यासारखा होतो आणि चोविसाच्या खाली गोठायला लागतो. मधल्या अंशांत रंग सरकणारच.”

मी हसलो. निरांजनाने शोध लागत असते तर आमच्या इंदुरीच्या देवघरातून मी केव्हाच शास्त्रज्ञ होऊन बाहेर पडलो असतो. शिवाय प्रोजेक्टच्या मंजुरीपत्रावर स्पष्ट ‘व्होल्टेजद्वारे’ असं लिहिलं आहे. निसर्गाने मंजुरीबाहेर वागून कसं चालेल?

ती म्हणाली, “एका बाजूची तार सुटलेली दिसते. जोडू का?”

मी तिला हातसुद्धा लावू दिला नाही. ज्या मांडणीने यश दिलं ती मांडणी जशीच्या तशी राहिली पाहिजे. माळसुद्धा काढायची नाही, असं भागुबाईंनाही बजावलं. त्या म्हणाल्या, “वाळंल की वो.” वाळू दे म्हटलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा बदलला! पिवळ्यापर्यंत.

आज मी शांतपणे विचार केला की पहिल्या दिवशी माझ्यात काय विशेष होतं. एकाग्रता. मग चहा मागवला, ग्लास समोर पाटावर ठेवला आणि धाग्याकडे बघत बसलो. मध्येच संस्थेच्या ऑफिसातून फोन आला, दहा मिनिटं बोलत होतो, आणि परत डोळा लावतो तर पिवळा. चहा घेतल्यावर माझी एकाग्रता वाढते हे सौ. नेहमी म्हणते ते खोटं नाही. आमच्या आईच्या हाताला गुण होता, गावातल्या म्हशी तिच्याच हाताला पान्हवायच्या. तसलंच काही असावं.

रुपालीने पाटाला थर्मामीटर चिकटवलं आहे. चिकटवू दे. तिला हाताला चाळा लागतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

संस्थेचे अध्यक्ष ओंकारशेठ लॅबमध्ये आले. यांचे लोणावळ्यात भाड्याने द्यायचे अकरा बंगले आहेत, प्रत्येकाला पोहण्याचा तलाव, आणि बाराव्या जागी हे कॉलेज. त्यांना प्रयोग दाखवला. चहा आला, ग्लास पाटावर गेला, मी बटण पिळलं आणि हिरव्याचा पिवळा झाला.

ओंकारशेठ म्हणाले, “वा! हे तलावाखालच्या दिव्यांना लावता येईल का? शनिवारी-रविवारी पार्ट्या असतात, बटण पिळलं की पाणी लाल.”

मी म्हणालो, संशोधन त्या दिशेने चालू आहे. मग त्यांनी पेपरवाल्याला बोलावलं. उद्या छापून येईल. ‘संचालक’ हा शब्द त्यांनी बोलता बोलता दोनदा उच्चारला, एकदा माझ्याकडे बघून.

फोटो काढताना रुपालीलाही उभं राहायला सांगितलं. ती म्हणाली, “नको सर, मला रीडिंग घ्यायचंय.”

३ नोव्हेंबर, सोमवार

मन विटलं आहे. रुपालीने प्रबंध आणून दिला, एकशे ऐंशी पानं. मी आधी माझं नाव कुठे कुठे आहे ते पाहिलं, मग आलेख पाहिले. सगळ्या आलेखांत खालच्या रेघेवर तापमान! व्होल्टेजचं नावसुद्धा नाही. तिने उरलेल्या धाग्याचा दुसरा तुकडा भरून थर्मासमधल्या पाण्यात ठेवला आणि एकेक अंशाने वाढवून रंग मोजला म्हणे. माझ्या नकळत, माझ्या लॅबमध्ये!

मी समजावलं. म्हणालो, “अगं, गेल्या महिन्यात मी परिषदेला पेपर पाठवला आहे, व्होल्टेजचा. वर्तमानपत्रातही आलं आहे, व्होल्टेजचं. गुरू एक म्हणतो आणि शिष्य दुसरं म्हणतो, हे बरं दिसतं का? खालच्या रेघेवरचा शब्द तेवढा बदल.”

“आकडे कुठून आणू सर?”

“आकडे तेच ठेव.”

तिने पहिला आलेख उघडला. मग म्हणाली, “अठ्ठावीस अंश होते तिथे अठ्ठावीस व्होल्ट लिहू?”

तिच्या तोंडून ऐकताना ते बरोबर वाटलं नाही, हे कबूल करतो. पण तोवर मी बोलून बसलो होतो. “बदलल्याशिवाय सही होणार नाही,” म्हणालो. ती प्रबंध उचलून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रुपालीचे वडील, विठ्ठल ओव्हाळ, भेटायला आले. टाकव्याच्या पुढे एका कारखान्यात बॉयलरवर असतात. पहिल्या पाळीहून थेट आले होते. आभार मानायला आले असावेत असं वाटून मी त्यांना सगळा शोध पहिल्यापासून सांगितला, पेपरातलं कात्रण दाखवलं, त्याची एक प्रतही दिली. तासभर गेला. मला मध्येच थांबवून त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, थंड होऊ दिला.

शेवटी म्हणाले, “सायेब, पोरीच्या सहीचं कसं करायचं?”

मी म्हणालो, “तिला म्हणावं, आलेख सुधार. आज सही देतो.”

त्यांनी थंड चहाकडे पाहिलं. मग म्हणाले, “बावीस वर्सं झाली मी बॉयलरवर हाय. दर अर्ध्या तासाला काटा बघायचा आन वहीत लिवायचा. काटा वर गेला आसंल तर वर गेला आसंच लिवायचं. आपली पाळी संपती, आपन घरी जातो. मागनं येनारा मानूस वही बघूनच हात घालतो.”

“तुमचं काम वेगळं,” मी म्हणालो. “इथे संशोधन चालतं.”

“व्हय,” ते म्हणाले. “आमच्या बॉयलरवर चुकलं की लगीच कळतं.”

उठताना त्यांनी जय भीम केला, मी नमस्कार म्हणालो. कात्रणाची प्रत टेबलावरच राहिली. साधी माणसं, विसरली असतील.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

थंडी वाढते आहे. मुंबईची माणसं गाड्या भरभरून तीच खायला येतात आणि आमच्या धाग्याला ती बाधते. आज सकाळी उजेडच पलीकडे आला नाही, हिरवासुद्धा नाही. चहा झाल्यावर आला. म्हणजे माझी एकाग्रता सकाळी कमी असते.

रुपाली म्हणाली, “सर, कमिटीला दुपारी बोलवा. सकाळी पाट तेरा-चौदावर असतो. द्रव गोठलेला असेल.” तिचा प्रबंध अडलेला असतानाही हे येऊन सांगते, याचं मला आश्चर्य वाटलं. मी तिला म्हणालो, साडेनऊचा मुहूर्त ओंकारशेठनी काढून आणला आहे, बदलता येणार नाही.

“मग पाटाखाली गरम पाण्याची पिशवी तरी ठेवू दे.”

“मांडणीला हात लावायचा नाही!” मी जरा जोरातच ओरडलो. भागुबाई दारातून म्हणाल्या, “सर, ती पोरगी तुमचीच लाज राखाया बघतीया.”

१७ डिसेंबर, बुधवार

उद्या कमिटी. प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलं आहे तर लिहितो. आज जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी चहाचा ग्लास पाटावर ठेवला आणि बटणाला हात न लावता बसून राहिलो. हाताची घडी घालून. मन एकाग्रही केलं नाही, उलट पाहुण्यांना शाल कुठल्या रंगाची द्यावी याचा विचार करत होतो.

पिवळा झाला.

मी ग्लास उचलून चहा पिऊन टाकला. जीभ भाजली. एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नव्हे, म्हणून निष्कर्ष काढला नाही. शाल निळी घेतली.

१८ डिसेंबर, गुरुवार

क्रमाने लिहितो.

सकाळी साडेनऊ. बाहेर धुकं, आत अकरा अंश. पुण्याहून डॉ. सारिका ढमाले आणि एक गृहस्थ, जे सगळा वेळ मोबाइल बघत होते. ओंकारशेठ फोटोग्राफर घेऊन आले होते. रुपाली भिंतीशी वही घेऊन उभी. मी भाषण केलं, चौदा मिनिटं, आणि बटण पिळलं.

काही नाही. सगळ्यांना दिसावं म्हणून समोर लावलेल्या पडद्यावर साधा ठिपकासुद्धा नाही.

शंभरावर नेलं, परत शून्यावर आणलं, पुन्हा शंभरावर. फोटोग्राफरने फ्लॅश मारला तेवढाच काय तो उजेड. ओंकारशेठ हळूच म्हणाले, “मागल्या वेळी मी डोळ्यांनी बघितलंय हो.” घाम पुसत मी चहा मागवला.

भागुबाईंनी चार ग्लास आणले आणि ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून चारही पाटावर मांडले. मी पुन्हा बोलायला लागलो, आणि माझ्या मागे ओंकारशेठ ओरडले, “आला!” वळून बघतो तर हिरवा, मग पिवळा, मग नारिंगीकडे चाललेला. टाळ्या पडल्या. मोबाइलवाल्या गृहस्थांनीसुद्धा मान वर केली. मी बटणावर हात ठेवला आणि नम्रपणे हसलो. आयुष्यात इतकं बरं मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

“घ्या, चहा घ्या,” मी म्हणालो. सगळ्यांनी ग्लास उचलले.

ठिपका परत पिवळा झाला, मग हिरवा. मी बटण पिळलं. तो फिका व्हायला लागला. डॉ. ढमाल्यांनी एक घोट घेतला, ठिपक्याकडे पाहिलं आणि ग्लास परत पाटावर ठेवला. ठिपका उजळला. उचलला, फिका झाला. पुन्हा ठेवला. असं त्यांनी तीन वेळा केलं. मग त्यांनी डब्यातून निघालेली तार बोटाने धरली आणि ती जाते तशा तिच्यामागून गेल्या. तार वाळक्या झेंडूच्या माळेत शिरली होती आणि तिथेच संपली होती. पलीकडे कशालाच जोडलेली नव्हती.

“गराडे सर,” त्या म्हणाल्या, “हे यंत्र किती दिवस असं आहे?”

मी वाळकी माळ सरळ करायला लागलो. त्यांनी रुपालीकडे पाहिलं. “तुझ्याकडे नोंदी आहेत?”

रुपालीने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली की नुसती हलली, मला आठवत नाही. तिने वही दिली आणि डॉ. ढमाल्यांनी मोठ्याने वाचली. त्या ओळी मला पाठ झाल्या आहेत, म्हणून लिहितो.

‘१ ऑक्टोबर. खंडेनवमी. मेन खटका बंद. निरांजन पाटावर, धाग्यापासून चार बोटं. सरांनी बटण शून्य ते शंभर नेलं. हिरवा ते लाल, तीन मिनिटांत. पाटाचं तापमान मोजलं नाही, ही माझी चूक. पुढे मोजणे.’

‘७ ऑक्टोबर. सरांचा चहा पाटावर. सव्वीस ते एकतीस अंश. हिरवा ते पिवळा. बटण फिरवलं नाही, सर फोनवर होते.’

‘९ ऑक्टोबर. सर रजेवर. चहा मी ठेवला. तोच रंग.’

अशी अडीच महिन्यांची पानं. कुठे एक टोमणा नाही, एक उद्गारचिन्ह नाही. या माझ्या वहीत मी ज्या दिवसांवर दोन-दोन पानं खर्ची घातली, ते दिवस तिथे दोन-दोन ओळींत पडले होते, आणि सगळं त्यात होतं. ओंकारशेठनी फोटोग्राफरला बाहेर पाठवलं.

डॉ. ढमाल्यांनी वही मिटली. “हे काम उत्तम आहे. अंशागणिक रंग कळतो, म्हणजे याचा तापमान मोजायला उपयोग होईल.” मग माझ्याकडे वळल्या. “सर, हे तुम्हाला माहीत होतं?”

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ‘माझ्याच मार्गदर्शनाखाली झालं, आज मुद्दाम नाट्यमय रीतीने दाखवायचं होतं.’ ओंकारशेठ डोळ्यांनी तेच सुचवत होते. बोललो असतो तर निभावलं असतं, खुर्चीही मिळाली असती. पण रुपालीने वही परत घेतली होती, नवीन पान काढलं होतं आणि तारीख घालून पेन्सिल धरून उभी होती. मी जे बोलेन ते ती लिहिणार होती. मला तिच्या वडिलांची आठवण झाली, थंड चहाकडे बघत बसलेल्या त्या माणसाची, आणि खूप लाज वाटली.

“तिने सांगितलं होतं,” मी म्हणालो. “पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी ऐकलं नाही.”

तिने लिहिलं. मी पाहिलं.

२२ डिसेंबर, सोमवार

चार दिवस वाट पाहिली, माझ्या प्रामाणिकपणाबद्दल कुणाचाही फोन आला नाही. मला वाटलं होतं निदान पेपरात चौकट येईल. परिषदेला पाठवलेला पेपर मी परत मागवला. त्यांनी उलट टपाली कळवलं की तो त्यांनी अजून उघडलाच नव्हता.

लॅब गेली. मोजमाप घ्यायला आलेला मिस्त्री माझ्या टेबलाच्या जागी भटारखान्याची मोठी चूल बसणार म्हणून खडूने चौकोन आखून गेला. ओंकारशेठ जिन्यात भेटले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सर, मनाला लावून घेऊ नका. हॉटेल मॅनेजमेंटला चहाचा तास लागेलच, तो तुम्हालाच.” आणि हसत खाली गेले. संचालक म्हणून पिंपरीहून कुणी येणार आहे.

रुपाली गुरुवारपासून आलेली नाही. तिने तेव्हा उचलून नेलेला प्रबंध परत माझ्या टेबलावर आलेला नाही. सहीला नऊ दिवस उरले. आता सही मी आनंदाने करीन, पण ती येईना.

२९ डिसेंबर, सोमवार

आज मीच टाकव्याला गेलो. चांगलं शाईचं पेन घेतलं, शिक्का घेतला, आणि कान्हे फाटा ओलांडल्यापासून मनातल्या मनात बोलायचं घोकत होतो. ‘रुपाली, गुरूही शिष्याकडून शिकतो’ अशी सुरुवात करायची होती. पुढे तिच्या डोळ्यांत पाणी येणार, मी पाठीवर हात ठेवणार, असं काहीसं.

घर विचारत गेलो. विठ्ठलराव रात्रपाळी करून ओसरीवर बसले होते. उठून खुर्ची दिली. रुपालीची आई शालनताई आतून पाणी घेऊन आल्या. रुपाली बाहेर आली आणि मला बघून तिला खरंच आश्चर्य वाटलं, तेवढ्यावर मी खूश झालो.

पेनाचं टोपण काढून मी म्हणालो, “आण प्रबंध. कुठे सही करायची ते दाखव.”

ती वडिलांकडे बघायला लागली. विठ्ठलराव म्हणाले, “सांग की. लपवायचं काय हाय त्यात?”

“सर, शुक्रवारी प्रबंध सादर झाला,” ती म्हणाली. “कमिटीने शिफारस केली, विद्यापीठाने मार्गदर्शक बदलून दिला. सही ढमाले मॅडमनी केली.”

मी पेनाचं टोपण लावलं. लगेच लागेना, आटे चुकत होते. गेले दोन महिने ही सही मी मुठीत धरून बसलो होतो, आणि आज उघडी करून दाखवायला आलो तर ती कुणालाच नको होती. रागावण्यासारखं काही शोधलं, सापडलं नाही. चांगलं झालं, असं म्हणालो. ते खरंही होतं.

शालनताईंनी जेवायला थांबवलं. भाकरी, कारळ्याची चटणी, वालाचं कालवण. जेवताना विठ्ठलरावांनी बॉयलरच्या गोष्टी सांगितल्या आणि या वेळी मी ऐकलं.

निघताना मला राहवलं नाही. म्हणालो, “रुपाली, त्यात माझं नाव कुठेच नाही का?”

“आहे की सर. आभारात.” तिने आतून प्रत आणली आणि पान उघडून दिलं. आई, वडील, ढमाले मॅडम, भागुबाई, आणि खाली एक ओळ: ‘प्रा. सोपान गराडे यांनी मला लॅबची किल्ली दिली.’

“किल्ली?” मी विचारलं. “मी कधी दिली?”

“पहिल्याच दिवशी. तुम्हाला लवकर यायचा कंटाळा होता म्हणून.”

मी ती ओळ पुन्हा वाचली. अजून एखादा शब्द घालता येईल का, असं विचारणार होतो. ती समोर उभी होती, शांत, कसलाही राग नसलेली, आणि मी विचारलं तर काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. ‘नक्की माहीत होतं तेवढंच लिहिलंय, सर.’

प्रत परत दिली आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालत आलो. गाडी पाऊण तास उशिरा आली.